मधुमेही विद्यार्थी व रक्तातील साखरेची घट

गणिताचा तास चालू आहे. एरवी तत्पर असणारा मुलगा सोपी वजाबाकी चुकतो, विचारले असता चिडून उत्तर देतो आणि थोड्या वेळाने डोके टेकून बसतो. अशा वेळी शिक्षकाच्या मनात प्रथम आळसाचा किंवा उर्मटपणाचा संशय येतो. परंतु तो मुलगा मधुमेही असेल, तर त्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली असण्याचा संभव आहे, हे शिक्षकाने ध्यानात घ्यावे.

मधुमेह हा केवळ प्रौढांचा रोग होय, ही समजूत बरोबर नाही. बालवयातील मधुमेहात स्वादुपिंडातून इन्शुलिन जवळजवळ स्रवतच नाही. म्हणून ते रोज टोचून घ्यावे लागते. १९२२ साली टोरांटो येथे हे औषध प्रथम एका १४ वर्षांच्या मुलास देण्यात आले. तत्पूर्वी हा रोग जडलेली मुले फार काळ जगत नसत.

मात्र एकदा टोचलेले इन्शुलिन परत घेता येत नाही. जेवणास उशीर झाला, पोटात अन्न कमी गेले किंवा कवायत अधिक झाली, तरी ते आपले कार्य करीतच राहते. १०० मिलिलिटर रक्तात साखर ७० मिलिग्रॅमहून कमी झाली की उपाय करणे आवश्यक ठरते.

आरंभी घाम येतो, हात कापतात, छाती धडधडते, भूक लागते. पुढे मेंदूस साखर अपुरी पडून गोंधळ, चिडचिड व गुंगी येते. शेवटी झटके किंवा बेशुद्धी. ज्याची साखर वारंवार उतरते, त्यास आरंभीच्या खुणा जाणवेनाशा होतात. अशा मुलाच्या बाबतीत शिक्षकाची नजर हाच मोठा आधार होय.

उपाय सोपा आहे. मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून त्वरित द्यावी. अगदी लहान मुलास डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाण द्यावे. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरण्यास विलंब लागतो. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास तोच उपाय पुन्हा करावा. बरे वाटल्यावर पोळी-भाजी किंवा शाळेतील भोजन द्यावे. तपासणीचे यंत्र जवळ नसेल तर थांबू नये. चुकून दिलेल्या चार चमचे साखरेपेक्षा विलंब अधिक घातक असतो. मुलास एकटे घरी धाडू नये. मूल बेशुद्ध असल्यास मात्र तोंडात काहीही घालू नये. त्यास कुशीवर निजवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

वर्गात साखरेचा लहान डबा व पालकांचा दूरध्वनी क्रमांक सदैव हाताशी असावा. मुलास खेळापासून वंचित ठेवू नये. खेळापूर्वी काही खाण्यास द्यावे, इतकेच.

सोबती हसतील, गुरुजी रागावतील, या भीतीने पुष्कळ मुले आपला त्रास लपवितात. तास चालू असतानाही “गुरुजी, मला साखर हवी” असे मुलास निःसंकोचपणे म्हणता आले पाहिजे. तो धीर त्यास देणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय.