सौर पॅनेलांसाठी इन्व्हर्टर कोणता निवडावा?

भर दुपारची वेळ आहे, ऊन कडक पडले आहे, गच्चीवरील सौर पॅनेले स्वच्छ पुसलेली आहेत. आणि तरीही घरातील पंखे बंद पडले आहेत, कारण गावाची वीज गेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेने एक कोटी घरांवर पॅनेले बसविण्याचे उद्दिष्ट ठेविले. अशा घरांत हा प्रसंग घडला म्हणजे यंत्र बिघडले असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्या क्षणी यंत्र आपले कर्तव्य चोख बजावीत असते.

या गैरसमजाचे मूळ एका शब्दात आहे. भारतीय घरांत 'इन्व्हर्टर' म्हणजे वीज गेल्यावर दिवे चालू ठेवणारी, बॅटरीला जोडलेली पेटी. परंतु इन्व्हर्टरचे मूळ काम याहून मर्यादित आहे. पॅनेलातील सिलिकॉनच्या घटांतून निघणारा प्रवाह एकदिश, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा असतो. घरातील उपकरणांना मात्र २३० व्होल्ट दाबाचा आणि सेकंदास ५० आवर्तने करणारा प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. अर्धसंवाहक स्विचांच्या साहाय्याने एकदिश प्रवाह सेकंदास हजारो वेळा तोडून-जोडून त्यास प्रत्यावर्ती रूप देणे, एवढेच इन्व्हर्टरचे काम होय. वीज साठविणे हे त्याचे काम नव्हे.

छपरावरील संचांत बहुधा जो इन्व्हर्टर असतो तो ग्रिडशी संलग्न असतो. ग्रिडमधील दाब व आवर्तने यांच्याशी तो आपला प्रवाह तंतोतंत जुळवितो आणि घरात खपून उरलेली वीज बाहेरच्या वाहिनीत सोडतो. बाहेरची वीज जाताच त्याने दोन सेकंदांच्या आत थांबलेच पाहिजे, असा दंडक आहे. याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. गल्लीच्या टोकाला असलेले रोहित्र ११,००० व्होल्ट दाब उतरवून घराला २३० व्होल्ट देते. परंतु रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. गच्चीवरील वीज उलट दिशेने त्यात शिरली, तर ज्या तारा मृत समजून वायरमन खांबावर चढला आहे, त्याच तारांत पुन्हा हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊ शकतो. असा इन्व्हर्टर केवळ दाब गेला की नाही एवढेच पाहत नाही. तो आवर्तनसंख्येला अधूनमधून किंचित धक्का देऊन पाहतो. ग्रिड जिवंत असेल तर ती संख्या ढळत नाही. ढळली, तर पलीकडे कोणी नाही हे ओळखून तो बंद होतो.

तेव्हा निवडीपूर्वी पहिला प्रश्न किमतीचा नसून गावच्या विजेचा आहे. जेथे वीज क्वचितच जाते तेथे ग्रिडसंलग्न इन्व्हर्टर उत्तम. तो स्वस्त असतो आणि चांगल्या यंत्रात शेकडा दोन-तीनच भाग वीज वाया जाते. जेथे ग्रिड पोहोचलेलेच नाही तेथे स्वतंत्र इन्व्हर्टर व बॅटरी यांवाचून गत्यंतर नाही. सुंदरबनातील सागर बेटावर कमलपूर येथे १९९६ साली उभारलेले सौर विद्युत् केंद्र याच प्रकारचे होते. मुख्य भूमीवरील वीज तेव्हा तेथे आलेली नव्हती.

ज्या असंख्य गावांत वीज आहे परंतु भरवशाची नाही, त्यांच्यासाठी तिसरा प्रकार आहे, तो संकरित किंवा हायब्रिड इन्व्हर्टर. वीज जाताच तो बाहेरच्या वाहिनीशी संबंध तोडतो आणि घरातील ठराविक दिवे-पंखे बॅटरीवर चालवितो. वायरमन सुरक्षित राहतो व घरही अंधारात राहत नाही. मात्र 'ठराविक' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. तो क्षण सोसण्याइतकी शक्ती इन्व्हर्टरमध्ये नसेल, तर पंपासह सारेच बंद पडते. शिवाय बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. हा खर्च विक्रेते पुष्कळदा सांगत नाहीत, तो ग्राहकाने विचारून घ्यावा.

दुसरा प्रश्न सावलीचा. पॅनेले साखळीप्रमाणे एकापुढे एक जोडलेली असल्याने सर्वांतून एकच प्रवाह वाहतो, आणि नारळाच्या झावळीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलावर पडली तरी साऱ्या साखळीला त्याची झळ पोहोचते. पॅनेलातील डायोड प्रवाहाला वळसा घालू देऊन ही हानी कमी करतात, परंतु नाहीशी करीत नाहीत. अशा छपरावर प्रत्येक पॅनेलाखाली स्वतंत्र सूक्ष्म इन्व्हर्टर बसविणे हितावह ठरते. त्याची किंमत अधिक असते; मोकळ्या छपरावर त्यावर पैसा घालण्याचे कारण नाही.

साखळीची लांबी ठरविताना मात्र एक गोष्ट अनेकांना चकविते. सिलिकॉनच्या घटाचा दाब उष्णतेने उतरतो व थंडीने चढतो. दर अंशास सुमारे ०.३ टक्के, असे त्याचे प्रमाण आहे. २५ अंश सेल्सिअसला प्रत्येकी ५० व्होल्ट दाब असणारी दहा पॅनेले जोडली तर मोकळ्या साखळीचा दाब ५०० व्होल्ट होतो, आणि ५५० व्होल्ट सोसणारा इन्व्हर्टर त्यास पुरेसा वाटतो. नागपुरात तो पुरेसा आहेही. परंतु लेह येथे हिवाळ्यात उणे १५ अंशांच्या सकाळी पहिले ऊन पडते, तेव्हा तापमान ४० अंशांनी खाली असल्यामुळे दाब १२ टक्क्यांनी चढून ५६० व्होल्ट होतो आणि यंत्र जळण्याचा संभव असतो. तेथे नऊच पॅनेले जोडावी. मग दाब ५०४ व्होल्टवर थांबतो.