स्वस्त डीव्हीडी प्लेअर : उत्तनचे अनुभव आणि कपाटातल्या तबकड्या

विवाह, दीक्षा महोत्सव, मंदिराची प्रतिष्ठा, नातवाचा पहिला वाढदिवस. २००२ पासून पुढल्या दहा-बारा वर्षांतील अशा प्रसंगांचे चित्रीकरण आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज एकाच रूपात उरले आहे. व्हिडिओवाल्याने दिलेली, वर वधू-वरांचे छायाचित्र छापलेली डीव्हीडी. ती कपाटात जपून ठेवलेली असते. ती ज्यावर लावायची ते यंत्र मात्र माळ्यावर गेलेले असते, नाहीतर भंगारवाल्याकडे. या यंत्राविषयी, त्यातही दोन-अडीच हजारांत मिळणाऱ्या साध्या प्लेअरविषयी, लोकांना काय अनुभव आले हे नोंदवून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. त्याला आजही व्यावहारिक उपयोग आहे, तो पुढे येईलच.

बँकेच्या सेवेतील सुमारे सात वर्षे माझी नेमणूक भाईंदर पश्चिमेला होती. मुर्धे, राई, मोर्वे ओलांडून जाणारा रस्ता जिथे समुद्राला भिडतो, त्या उत्तन, डोंगरी, चौक, पाली या गावांतील अनेक खातेदार आमच्याकडे होते. बहुतांश कोळी आणि ख्रिस्ती कुटुंबे. घरातील एखादा मुलगा आखातात किंवा जहाजावर. कर्जाच्या पाहणीसाठी घरी जाणे होई. तेथे दूरचित्रवाणी संचाच्या खाली, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला चपटा प्लेअर हमखास दिसे. बोलण्याची सुरुवात बहुधा त्याच्यावरूनच होई, कारण बँकवाले साहेब शहरातून आले म्हणजे त्यांना विजेवर चालणाऱ्या वस्तूंतले कळत असणार, असा त्या लोकांचा समज होता.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये व्हीसीडीचे मानक ठरले. एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तासाचे चित्रण मावे. त्यामुळे हिंदी चित्रपटाला दोन, कधी तीन तबकड्या लागत. डीव्हीडी प्लेअर प्रथम जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये विक्रीला आला. साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी, म्हणजे सीडीच्या सहा-सात पट. सुरुवातीला हे यंत्र श्रीमंतांचे होते. चिनी कारखान्यांतील उत्पादन आणि तैवानच्या मीडियाटेकसारख्या कंपन्यांनी तयार केलेल्या स्वस्त चिप यांमुळे काही वर्षांतच त्याची किंमत सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आली. २००७ मध्ये नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. त्याआधी त्याच डीव्हीडीला याच्या काही पटींनी अधिक पैसे मोजावे लागत. तबकडी भाजीच्या भावात मिळू लागल्यावर प्लेअर घराघरांत जाणे स्वाभाविकच होते. (हीच कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. खप वाढवून नफा मिळवण्याचे गणित किती काळ चालते, हा आपल्या व्यापारी वाचकांच्या आवडीचा विषय आहे. पण त्याला स्वतंत्र लेख हवा.)

नामांकित कंपनीचा प्लेअर की स्वस्त, हा प्रश्न त्या काळी फार विचारला जाई. चित्राच्या दर्जात जो फरक होता तो उत्तनच्या २१ इंची संचावर कोणाला दिसत नसे. फरक दिसे तो भलत्याच ठिकाणी. दुबईहून किंवा मस्कतहून आलेला मुलगा येताना दुकानातून विकत घेतलेल्या डीव्हीडी आणी. महागड्या प्लेअरमध्ये ती घातली की पडद्यावर निषेधाची पाटी उमटे. कारण असे की चित्रपट कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले होते. भारत पाचव्या विभागात, आखाती देश दुसऱ्यात, अमेरिका पहिल्यात. नियम पाळणारे यंत्र परक्या विभागाची तबकडी नाकारत असे. स्वस्त यंत्रांपैकी पुष्कळशी या बंधनातून मुक्त असत, किंवा रिमोटवरून आकडे दाबून मुक्त करता येत. त्यामुळे ज्या घरात परदेशी कमाई येत होती, त्याच घरात स्वस्त प्लेअर अधिक उपयोगी ठरे. एका घरी मी दोन्ही यंत्रे एकावर एक ठेवलेली पाहिली. वरचे पाहुण्यांना दाखवण्यासाठी आणि खालचे पाहण्यासाठी, असे त्या घरच्या माऊलींनी हसत सांगितले होते.

स्वस्त यंत्राचा दुसरा गुण म्हणजे त्याला काहीही चाले. व्हीसीडी, घरी भरलेली सीडी, एमपी३, पुढे पुढे पेन ड्राइव्हसुद्धा. एमपी३च्या एका सीडीत सुमारे बारा तासांचा आवाज मावतो. आपल्याकडे चातुर्मासातील प्रवचने अशाच तबकड्यांतून घरोघरी पोहोचली, हे वाचकांना आठवत असेल. ओरखडे पडलेली तबकडीही ही यंत्रे अडखळत का होईना, पुढे नेत. शिवाय बहुतेकांच्या पुढच्या बाजूला माईक लावण्यासाठी एक-दोन छिद्रे असत आणि आवाज घुमवण्याची सोय असे. कारखानदाराने ती कराओकेसाठी दिली होती. उत्तनला लग्नाच्या आदल्या रात्री तिचा तसाच उपयोग होई. भाईंदरला आमच्या इमारतीतील महिला मंडळाने त्याच छिद्रात माईक लावून कित्येक वर्षे स्तवने म्हटली. वेगळा ध्वनिवर्धक घेण्याची गरज पडली नाही.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार समुद्राची होती. उत्तनच्या हवेत मीठ आहे. तेथे खिडकीचे गज दोन-तीन वर्षांत गंजतात. मग पातळ पत्र्याच्या पेटीची काय कथा? पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की घरातील पुरुषमाणसे घरी असत, प्लेअर दिवसभर चाले आणि नेमका तेव्हाच बंद पडे. आत ओलावा, बाहेर विजेचा चढउतार. पडद्यावर ‘नो डिस्क’ ही अक्षरे आली की बहुतेक जण तबकडीला दोष देऊन ती साडीच्या पदराने पुसत. दोष बहुधा भिंगाचा असे. डीव्हीडी वाचणारा तांबडा किरण एका इवल्या प्लास्टिकच्या भिंगातून जातो. त्यावर धूर, धूळ आणि खारा दमटपणा यांचा थर बसला की यंत्र आंधळे होते. चौकातील एक मेकॅनिक कापसाच्या काडीला स्पिरिट लावून ते हलक्या हाताने पुसून देई आणि त्याचे वीस रुपये घेई. निम्मी यंत्रे तेवढ्यावर सुरू होत.

उरलेल्यांत ट्रे बाहेर न येणे ही दुसरी तक्रार. आत एक रबरी पट्टा असतो, तो सैल पडतो. तिसरी, वीजपुरवठ्याच्या पाटीवरील कपॅसिटर फुगणे. या दोन्ही दुरुस्त्या किरकोळ होत्या. परंतु किरणाचा दिवाच क्षीण झाला तर पूर्ण भाग बदलावा लागे आणि तो खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या इतका जवळ जाई की लोक नवेच घेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसारा शिकवायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. तीन वर्षे चाललेला दोन हजारांचा प्लेअर महिन्याला सुमारे पंचावन्न रुपयांना पडला. दहा हजारांचा नामांकित प्लेअर त्याच हिशेबाने परवडण्यासाठी पंधरा वर्षे चालायला हवा होता. उत्तनच्या हवेत पंधरा वर्षे तर लोखंडी फाटकही टिकत नाही.

रिमोटचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होणार नाही. स्वस्त यंत्राच्या दर्शनी भागावर दोन-तीनच बटणे असत. रिमोट बिघडला वा हरवला की पडद्यावरील यादीतून निवड करणे अशक्य होई आणि उत्तम स्थितीतील यंत्र निरुपयोगी ठरे. मूळ कंपनीचा रिमोट कधीच मिळत नसे, कारण पुष्कळदा मूळ कंपनी कोण हेच कोणाला ठाऊक नसे. पेटीवर एक नाव, आतल्या पाटीवर दुसरे, वॉरंटी कार्डावर तिसरे.

येथे दुकानदाराची गोष्ट येते, आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांचा तो व्यवसाय असल्याने जरा विस्ताराने लिहितो. ज्या वस्तूचा निर्माता दिसत नाही, तिची सारी जबाबदारी ग्राहक विक्रेत्यावर टाकतो. उत्तनचे लोक प्लेअरचे नाव सांगत नसत. “अमक्या शेठच्या दुकानातला” असे सांगत. माझ्या माहितीतील एक दुकानदार प्रत्येक दहा प्लेअरमागे एक जादा प्लेअर आपल्या खर्चाने बाजूला ठेवी. बिघडलेले यंत्र आले की तो ग्राहकाला तात्पुरते ते देई आणि दुरुस्ती झाल्यावर परत घेई. नग मागे त्याला फार सुटत नव्हते. पण तेच ग्राहक पुढे शीतकपाट, धुलाई यंत्र, लग्नाची भांडी घ्यायला त्याच्याकडेच आले. दुसऱ्या एका दुकानात पक्के बिल मागितले की किंमत वाढे. तिथला ग्राहक वॉरंटीच्या काळातही रिकाम्या हाताने परतला, कारण दाखवायला कागदच नव्हता. शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांविषयीही त्या काळी लोक विचारीत. व्याज वस्तूच्या किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते, असे मी सांगत असे. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा योजनांना मनाई केली, तेव्हा काही खातेदार मुद्दाम सांगायला आले.

२०१६ मध्ये जिओ आले, मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि दोन-तीन वर्षांत डीव्हीडीची दुकाने मिटली. चित्रपटांची त्यामुळे काही हानी झाली नाही. ते दुसऱ्या वाटेने घरी येतात. घरच्या चित्रीकरणाला मात्र दुसरी वाट नाही. चित्रपटाची डीव्हीडी कारखान्यात साच्यातून दाबून काढतात. व्हिडिओवाल्याने दिलेली डीव्हीडी संगणकावर भरलेली असते. तिच्यात एक सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि किरणाने त्या रंगावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो रंग हळूहळू बदलतो. वर चिकटवलेला कागदी लेबलचा गोल फुगला तर तबकडी फिरताना डगमगते. म्हणजे यंत्र शोधायचे तर आताच. आणखी दहा वर्षांनी यंत्र मिळाले तरी तबकडी बोलेल याची शाश्वती नाही.

गेल्या वर्षी परिचयातील एका कुटुंबात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. आजींनी वर्षीतप केले होते. अक्षय तृतीयेला पालिताण्याला पारणे झाले. त्याचे चित्रीकरण एकाच डीव्हीडीत होते आणि आजींचा आवाज त्याशिवाय कोठेही नव्हता. त्या जाऊन आता सहा वर्षे झाली. नातवाने नव्या संगणकाला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. त्याने तबकडी ओळखलीच नाही. दुसरा आणला, त्याने यादी दाखवली आणि मध्येच थांबला. तेव्हा मला उत्तनच्या त्या मेकॅनिकची आठवण झाली. चौकातील दुकान आता मोबाइलचे आहे, पण मागच्या खोलीत त्याने बंद पडलेले दहा-बारा स्वस्त प्लेअर भिंगांसाठी जपून ठेवले आहेत. दोन यंत्रांतून त्याने एक चालते यंत्र तयार करून दिले.

नव्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांची जागा नव्हती. त्यासाठी एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी छोटी डबी बाजारात मिळते, ती आणावी लागली. तबकडी कोमट पाण्याने धुऊन, मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसली. गोल गोल पुसल्यास ओरखडा खुणांच्या ओळीवरच पडतो आणि वाचन अधिक अवघड होते. जिथे संगणकाचे ड्राइव्ह थांबले होते तिथे हा प्लेअर दोनदा अडखळला, चित्राचे चौकोन झाले, आणि पुढे गेला. त्याच्याकडून येणारे चित्र संगणकावर टिपून घेतले. यात घाई करता येत नाही. दीड तासाचे चित्रण दीड तासच घेते.

ज्यांच्या तबकड्या अजून संगणकात नीट उघडतात त्यांचे काम याहून पुष्कळ सोपे आहे. डीव्हीडीतील ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये अशा तेरा भरलेल्या तबकड्या मावतात. एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावी, भावाकडे वा मुलीकडे ठेवावी. मूळ तबकडी मात्र टाकू नये. उन्हापासून दूर, उभी ठेवावी.

पारण्याच्या त्या चित्रीकरणातील सुमारे चार मिनिटे मिळाली नाहीत. वरघोड्याचा काही भाग गेला. इक्षुरसाचा घोट घेतल्यावर आजी सुनेला जवळ बोलावून “तू सकाळपासून काही खाल्लेस का?” असे विचारतात, ते मात्र स्वच्छ ऐकू येते.