हरिकेनचा तपकिरी

लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीला अचूक रंग द्यायचा, तर ते विमान कोणत्या साली, कोणत्या आघाडीवर होते हे आधी ठरवावे लागते. हॉकर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा म्हणून एकच रंग नाही. १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात लढलेले हरिकेन आणि १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इम्फाळहून उडणारे भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे हरिकेन पाठीवरून सारखेच दिसते, डार्क अर्थ हा तपकिरी आणि डार्क ग्रीन हा हिरवा अशा पट्ट्यांचे. फरक पोटाला आणि खुणांना आहे. इंग्लंडमधल्या विमानांचे पोट ‘स्काय’ या फिकट हिरवट छटेचे असे, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मीडियम सी ग्रे हा राखी रंग रूढ झाला. युरोपातल्या लढाऊ विमानांवरून १९४१ मध्ये तपकिरी हटला आणि तिथे करडा आला, कारण लढाई आता बरीचशी समुद्रावरून आणि उंचावरून चालली होती. जंगल आणि भातखाचरांवरून कमी उंचीने उडणाऱ्या विमानांना मात्र तपकिरीच सोयीचा होता.

या आघाडीची खरी ओळख चकतीत, म्हणजे विमानावरच्या गोल राष्ट्रीय खुणेत आहे. ब्रिटिश चकतीच्या मध्यभागी लाल टिकला असतो आणि जपानी विमानाची खूणही लाल गोळाच. घाईत पाहणाऱ्या तोफचीचा किंवा वैमानिकाचा घोटाळा होऊ नये म्हणून १९४२ नंतर लाल काढून टाकला गेला. पांढरा मध्य लांबून चमके, म्हणून त्यात निळा मिसळून फिकट निळा केला गेला आणि चकतीही लहान झाली. १९४५ च्या सुरुवातीस ओळखीसाठी पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे आले. मॉडेलच्या खोक्यातले स्टिकर बहुधा युरोपातल्या विमानांचे असतात, त्यामुळे भारतीय स्क्वाड्रनचे विमान करणाऱ्याला चकती वेगळी मिळवावी किंवा स्वतः रंगवावी लागते. वैमानिकाचे नाव अचूक आणि चकती लाल टिकल्याची, अशी प्रतिकृती जाणकाराला पहिल्या नजरेत खटकते.

छटेचा पुरावा शोधणे सगळ्यांत अवघड. कृष्णधवल छायाचित्र रंग सांगत नाहीच, उलट फसवते. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ दाद देत नाही, त्यामुळे लाल काळपट उमटतो आणि निळा फिकट. रंगीत चित्रांत फिल्म व छपाईचे दोष मिसळतात. संग्रहालयातले विमान बहुधा पुन्हा रंगवलेले असते, म्हणजे ते मूळ रंगाचा नव्हे, रंगवणाऱ्याच्या अंदाजाचा पुरावा. दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात हरिकेन आहे. त्याचे आकारमान व बारकावे टिपायला ते उत्तम, छटेसाठी त्यावर विसंबू नये. भरवशाची वस्तू म्हणजे खऱ्या रंगाच्या चिपा, म्हणजे रंगवलेले नमुन्याचे तुकडे. ब्रिटिश रॉयल एअर फोर्स म्युझियमने १९७६ मध्ये महायुद्धकालीन ब्रिटिश रंगांवर पुस्तक काढले, त्यात अशा चिपा चिकटवलेल्या होत्या. युद्धानंतरचे क्रमांक, उदाहरणार्थ बीएस ३८१सी या ब्रिटिश मानकातील डार्क अर्थचा ४५०, याच परंपरेतले. तरी त्यांना युद्धकाळातील रंगाचे जवळचे नातेवाईक समजावे.

चीप हाती आली तरी प्रश्न उरतोच, कारण ती नव्या रंगाची असते. ब्रह्मदेशातले ऊन, पाऊस आणि चिखल सोसलेल्या विमानाचा तपकिरी काही महिन्यांत खडूसारखा भुरका होतो. अमेरिकी विमानांचा ऑलिव्ह ड्रॅब हा हिरवट रंग तर याबाबत प्रसिद्ध आहे. तो उन्हात तपकिरी, कधी मातकट दिसू लागे. अशी अमेरिकी विमाने भारतातही दुरुस्त होत. म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभारली. तिथे १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमान जुळवून उडवले गेले, आणि पुढे अमेरिकी विमानांची दुरुस्तीही चाले. एकाच विमानावर नवा आणि उन्हाने विटलेला रंग शेजारी दिसणे अशा दुरुस्तीत साहजिक असते. ते दाखवले तर प्रतिकृती अधिक खरी वाटते.

प्रतिकृतीचा आकार हाही हिशेबात धरतात. १:७२ प्रमाणातले मॉडेल ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान सुमारे २२ मीटरवरून पाहणे. त्या अंतरावर रंग किंचित फिका दिसतो, असे मानून अनेक जण मूळ छटेत थोडा पांढरा मिसळतात. १:७२ साठी १५ टक्के असा ठोकताळा प्रचलित आहे. पण बावीस मीटरवर हवेचा धूसरपणा फारसा जाणवत नाही. लहान पृष्ठभागावर गडद रंग जड दिसतो, हे खरे कारण असावे. म्हणून टक्के मोजण्यापेक्षा डोळ्याने जुळवणेच बरे.

हम्ब्रॉल, तामिया यांसारख्या परदेशी कंपन्यांच्या डब्यांवर या छटांची नावे छापलेली असतात, पण भारतात ते महाग पडतात. तेव्हा कॅमलचे ॲक्रिलिक हाताशी असतातच.  यलो ऑकर आणि बर्न्ट अंबर यांच्या मिश्रणात थोडा पांढरा घालून डार्क अर्थच्या जवळ जाता येते, डार्क ग्रीनसाठी हिरव्यात काळ्याचा थेंब पुरतो. मिश्रण पांढऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर लावून, पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात चिपेशी ताडून पाहतात. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात. शेवटी स्टिकर लावल्यावर मॅट वार्निश चढवतात, आणि त्यानेही छटा किंचित बदलते, म्हणून चाचणीच्या तुकड्यावरही तोच वार्निश देऊन मगच निर्णय घेतला जातो.