पडद्याआडच्या दोन पेट्या

निवडणूक जवळ आली की बायकांच्या डब्यात हमखास ऐकू येतं, ‘आपल्या एका मतानं काय फरक पडतोय!’ मैत्रिणींनो, फरक काय पडतो, हे आपल्या ठाण्यानंच १९५७ साली दाखवून दिलं होतं.

तेव्हा ठाण्यातून लोकसभेवर एक नाही, दोन खासदार जायचे. त्यातली एक जागा आदिवासींसाठी राखीव. म्हणून मतदाराला मतंही दोन. बटण नव्हतं, शिक्काही नव्हता. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर निवडणूक चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, कम्युनिस्टांचं विळा-कणीस. अक्षरओळख नसलेल्या बाईचंही काही अडायचं नाही.

१९५२ मध्ये दोन्ही जागा काँग्रेसनं जिंकल्या होत्या. १९५७ मध्ये दोन्ही गेल्या! निवडून आले कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा. संयुक्त महाराष्ट्राची लाट होतीच. मराठी माणसाला मुंबईसह स्वतःचं राज्य हवं होतं. पण ठाण्यात मशागत आधीपासून चालू होती, आणि त्यात एका बाईचा मोठा वाटा होता. त्या म्हणजे शामरावांच्या पत्नी गोदावरी परुळेकर.

पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या गोदूताई जंगलातल्या पाड्यापाड्यांवर पायी हिंडल्या. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं, तिथे वारली पहिल्यांदा आले. त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावी हजारो वारल्यांनी ‘वेठबिगार करणार नाही’ असं ठरवलं. जमीनदारापुढे मान वर करायची सवय नसलेली माणसं बोलायला लागली. बारा वर्षांनी ती मतपेटीपर्यंत पोचली होती.

पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ मध्ये ठाण्याची जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. म्हणजे मतदार कुणाचाच कायमचा बांधील नाही, हेही दिसलं.

पण मत द्यायचं तर आधी यादीत नाव हवं ना! देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी कितीतरी जणींनी यादी करणाऱ्याला नावच सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले, बाईचं स्वतःचं नाव पाहिजेच. शेवटी सुमारे २८ लाख स्त्रियांना यादीतून वगळलं गेलं. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या.

आज नाव सांगायला आपण लाजत नाही. पण लग्न होऊन कल्याण-डोंबिवलीत आलेल्या कितीजणींचं नाव अजून माहेरच्याच यादीत असतं! घर बदललं की आठ नंबरचा फॉर्म भरायचा, तो ऑनलाइनही भरता येतो. दुपारची कामं आटोपली की एकदा यादी बघाच. आणि सासूबाईंचं नावही तपासा हं!