पोर सारखं पडतं, तेव्हा

सातपुड्यात, नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात, सपाट जमीन कमीच. पाय फुटले की पोर चढउतारावरच चालतं, पडतं, पुन्हा उठतं. म्हणूनच खरी अडचण असलेलं मूल तिथे नजरेतून सुटतं. दोष वाटेला दिला जातो, नाहीतर पोराला धांदरट म्हटलं जातं.

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, स्नायू-सांधे आणि आतला कान. कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. डोकं वळलं की तो क्षणभर मागे रेंगाळतो आणि आपण वळलो हे मेंदूला कळतं. ऐकण्याचा अवयवही तिथेच, अगदी शेजारी. त्यामुळे उशिरा चालणाऱ्या मुलाला ऐकू नीट येतं का, हे तपासायलाच हवं. ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही.

निरोगी मुलं साधारण १८ महिन्यांच्या आत आधाराशिवाय चालतात. तोवर चाललं नाही, कायम चवड्यांवर चालतं, जमिनीवरून उठताना मांडीवर हात रेटतं, किंवा फक्त अंधार पडल्यावर चाचपडतं, तर डॉक्टरांना दाखवावं. मात्र येत असलेली चाल बिघडू लागली, तर एक दिवसही थांबू नये. सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी, त्यात झोकांड्या, हे मेंदूतल्या गाठीचं लक्षण असू शकतं.

नंदुरबारसाठी एक इशारा वेगळा. इथल्या आदिवासी समाजात सिकलसेल बराच आढळतो. या आजारात मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन लहान वयातही पक्षाघात होऊ शकतो. सिकलसेल असलेलं मूल अचानक एका बाजूला झुकलं, हातातली वस्तू गळली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर १०८ला फोन करावा. थोड्या वेळाने बरं वाटलं तरीही रुग्णालय गाठावंच.

२०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांना एकदा तपासतात. तपासणी मोफत असते. पण इथली कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पथक येतं तेव्हा मूल गावात नसतं. अशा आईवडिलांनी परतल्यावर अंगणवाडी ताईला किंवा आशा ताईला स्वतःहून सांगावं. मोबाइलवर मुलाच्या चालण्याचं छोटं चित्रण करून ठेवावं. दवाखान्यात बुजलेलं पोर चालायला तयार होत नाही, तेव्हा डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.