लॉगिन झालंय, पण बंडलला दिसत नाही

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे घाईत राहिलं, ते इथे नीट मांडतोय.

मी देवळ्याहून, घरूनच काम करतो. आमचं वेब ॲप्लिकेशन जावाचं, टॉमकॅटवर चालणारं. त्याच्या पोटात ओएसजीआय, म्हणजे ॲपचे छोटे तुकडे (बंडल), जे सर्व्हर बंद न करता बदलता येतात. लॉगिनचं काम स्प्रिंग सिक्युरिटीकडे. एकदा रिपोर्टचं नवं बंडल लावलं. युजर व्यवस्थित लॉगिन झालेला, पण बंडलने 'कोण आहे?' विचारलं की उत्तर नल!

मी काय केलं? 'नल म्हणजे रात्रीचा जॉब असणार' असं धरून नल आलं की परवानगी द्यायची ओळ टाकली. स्क्रीन चालू. कोड रिव्ह्यूत सीनियरने एवढंच विचारलं, "आणि लॉगिन न केलेला कुणी आला तर?" पोटात गोळाच आला.

आता खरं कारण. आमच्या तालुक्यात एकाच नावाचे दोन आहेर सहज सापडतील, एक लोहोणेरचा, एक उमराण्याचा. सातबाऱ्यावर नाव तेच, जमीन वेगळी. जावातही क्लासची ओळख नुसत्या नावाने ठरत नाही. नाव आणि तो लोड करणारा क्लासलोडर, दोन्ही मिळून ओळख. ओएसजीआयमध्ये प्रत्येक बंडलचा क्लासलोडर वेगळा, आणि माझ्या बंडलच्या जारमध्ये स्प्रिंग सिक्युरिटीची दुसरी प्रत शिरली होती.

सिक्युरिटीकॉन्टेक्स्टहोल्डर लॉगिनची माहिती एरवी थ्रेडलोकलमध्ये ठेवतो. प्रती दोन, म्हणून खिसेही दोन. फिल्टरने एका खिशात ठेवलं, मी दुसराच चाचपत बसलो.

उपाय असा:

१. प्रत एकच, वेब-इन्फच्या लिबमध्ये. बंडलच्या मेव्हनमध्ये डिपेंडन्सीचा स्कोप 'प्रोव्हाइडेड' ठेवा आणि तयार झालेला जार उघडून खात्री करा.

२. फ्रेमवर्क सुरू करताना 'सिस्टिम पॅकेजेस एक्स्ट्रा' या प्रॉपर्टीत लागणारी पॅकेजेस व्हर्जनसकट लिहा. 'कोर' लिहिलं म्हणून 'कोर.कॉन्टेक्स्ट' आपोआप येत नाही. प्रत्येक पॅकेज वेगळं लिहावं लागतं.

३. बंडलच्या मॅनिफेस्टमध्ये तीच पॅकेजेस 'इम्पोर्ट-पॅकेज'खाली हवीत.

४. फेलिक्सचा जारही त्याच लिबमध्ये ठेवा. तो टॉमकॅटच्या सामाईक लिबमध्ये गेला, तर त्याला ॲपमधले क्लास दिसत नाहीत.

शंका आली तर दोन्ही बाजूंना क्लासचा क्लासलोडर लॉगमध्ये छापा. दोन वेगळे दिसले, की चोर सापडला.

माझी ती ओळ अर्थातच काढली. रात्रीच्या जॉबला स्वतःची वेगळी ओळख दिली. नल म्हणजे 'ओळख पटली नाही', 'जाऊ द्या' नव्हे. एवढं लक्षात राहिलं तरी हा भाग ऐकल्याचं सार्थक झालं.

भेटू पुढच्या भागात!