कोरड्या विहिरी आणि ग्रंथांची ओल

पांढुर्णा हे नाव किनारपट्टीवरील वाचकांच्या कानी बहुधा वर्षातून एकदाच पडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, अलीकडे पांढुर्णा आणि पलीकडे सावरगाव अशी दगडांची फेकाफेक होते, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत जखमींचा आकडा येतो आणि तेथेच त्या गावाची कथा संपते. गोटमारीचा तो एक दिवस सोडला तर उरलेल्या दिवसांत पांढुर्णा आणि शेजारचे सौंसर कसे जगतात, याची विचारपूस कोणी करीत नाही. वास्तविक हा मुलूख आपल्याच भाषेचा. जुन्या मध्य प्रांतात नागपूर ही त्याची राजधानी होती. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हे दोन मराठी तालुके मध्य प्रदेशातच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा नवा, पण त्याच्यापुढचे संकट जुने आहे आणि ते जमिनीखाली आहे.

हा संत्र्यांचा मुलूख. अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शीपासून नागपूर जिल्ह्यातील काटोल-नरखेडपर्यंत जो संत्रापट्टा पसरला आहे, त्याचेच वरचे टोक पांढुर्णा-सौंसर. संत्र्याचे झाड मोठे मानी. पाच-सहा वर्षे त्याला लेकरासारखे वाढवावे, तेव्हा ते फळाला येते. बहार धरण्यासाठी पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो आणि ताण सुटला की वेळच्या वेळी पाणी द्यावेच लागते. आंबिया बहाराला उन्हाळा आडवा येतो, तर मृग बहार सर्वस्वी पहिल्या पावसाच्या लहरीवर. सातपुड्याच्या या उतारावर काळ्या कातळाचा थर मोठा. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि कातळाच्या भेगांत. पूर्वीची विहीर या थरातले पाणी जपून वापरीत असे. पुढे विंधनविहिरी आल्या. एकाने खोल खणले की शेजाऱ्याची विहीर आटते, म्हणून शेजारी त्याहून खोल खणतो. दरसालच्या पावसाने जेवढे पाणी जमिनीत मुरते त्याहून अधिक उपसले जाते. सीमेलगतच्या वरुड तालुक्याचे नाव भूजलाचा अतिउपसा झालेला तालुका म्हणून सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे झळकत आले आहे आणि भूजल काही राज्यांची सीमा पाहून थांबत नाही. मग एखादा उन्हाळा असा येतो, की हाताने लावलेली बाग शेतकऱ्याला हातानेच तोडावी लागते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ आणि मध्य प्रदेशावर जी गारपीट झाली, तिने तर पाणी असलेल्यांनाही सोडले नाही.

अशा वेळी पुस्तकांची गोष्ट काढणे अनेकांना क्रूर थट्टा वाटेल. विहीर कोरडी पडल्यावर पोथी वाचून पाणी लागते काय, असा रोकडा प्रश्न कोणीही शेतकरी विचारील, आणि तो विचारण्याचा त्याला अधिकार आहे. पोथीने पाणी लागत नाही, हे उघड आहे. परंतु तहान लागल्यावर विहीर खोदण्याची आपली जी सामाजिक सवय आहे, ती मोडण्याचे सामर्थ्य ज्या थोड्या गोष्टींत आहे, त्यांत ग्रंथ येतो, असे आमचे मत आहे. ग्रंथ आधी धीर देतो आणि मग वाट दाखवितो. धीर न देता वाट दाखविणारी सरकारी पत्रके गावोगाव पडून आहेत. ती कोणी वाचीत नाही, याचे कारण हेच.

धीर कसा मिळतो, याचे उदाहरण याच मध्य प्रांताशी निगडित आहे. दुर्गाबाई भागवत आदिवासी जीवनाच्या अभ्यासासाठी या प्रांताच्या रानांत हिंडल्या. तेथे विषारी सुरण खाण्यात आल्याने त्यांची प्रकृती कोसळली आणि काही वर्षे त्यांना अंथरुणाला खिळून राहावे लागले. ज्या रानाने एवढा घाव घातला, त्या रानाविषयी त्यांच्या लेखणीत कडवटपणा उतरला नाही. १९५६ साली त्यांचे ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध झाले आणि वर्षाचे बारा महिने मराठी वाचकाला जणू नव्याने दिसू लागले. ज्याची बाग वाळली आहे, त्याला असे पुस्तक बाग परत देत नाही. मात्र निसर्ग म्हणजे केवळ आपल्या पिकाचा हिशेब नव्हे, आपल्या सुखदुःखापलीकडेही त्याचे फिरणे चालूच असते, ही जाणीव ते देते. माणूस खचतो तो नुकसानीपेक्षा एकटेपणाने अधिक, आणि चांगले पुस्तक एकटेपणा मोडते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. बंदिवासात जन्मलेल्या त्या शब्दांनी पुढे किती घरांना आधार दिला, हे मराठी वाचकाला सांगावयास नको.

परंतु निव्वळ धीर पुरेसा नाही. डोळे मिटून घेण्यासाठी वाचलेले पुस्तक आणि डोळे उघडण्यासाठी वाचलेले पुस्तक यांत फरक आहे. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन म्हणून त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातील पाणी आणि माती यांविषयीचा विचार किती जणांनी वाचला असेल? डोंगरावरून पावसाबरोबर वाहून येणारा पालापाचोळा आणि माती हे शेताचे खरे खत, हे फुले यांनी त्यात सांगितले. ते वाहून जाऊ नये आणि पाणी जागच्या जागी मुरावे म्हणून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत, तळी-तलाव बांधावेत, आणि या कामी सरकारने आपल्या पलटणीतील शिपायांना जुंपावे, अशी सूचनाही केली. आज ज्याला आपण पाणलोट विकास म्हणतो, त्याचा गाभा यात आला आहे. सुमारे एकशे चाळीस वर्षे तो उपाय मराठीत लिहिलेला पडून आहे आणि आपण मात्र दर दुष्काळात नव्याने समिती नेमतो.

हे झाले घाटमाथ्यापलीकडचे. आम्हां किनारपट्टीवाल्यांनी आपणही मागे वळून पाहावे. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५-१६ च्या सुमाराचे. त्यात आरमाराच्या प्रकरणात गलबतांच्या लाकडासंबंधी जे सांगितले आहे, ते आमच्या प्रत्येक नगरपालिकेच्या भिंतीवर लावण्याजोगे आहे. आंबा-फणसाची झाडे एका-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, तेव्हा त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण होऊन निकामी झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन मगच ते तोडावे, असा त्याचा आशय. राज्याला आरमाराची निकड असतानाही झाडाच्या मालकाची संमती आवश्यक मानणारी ही दृष्टी होती. उलट गोव्यात खाणींच्या भरभराटीच्या काळात डिचोली, सत्तरी आणि सांगे येथील शेतांत खाणमाती उतरली, तेव्हा शेताच्या धन्याची संमती कोणी मागितली होती? ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. न्यायालयाला जे सांगावे लागले, त्याचे तत्त्व आपल्याच जुन्या ग्रंथात तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेले होते.

ग्रंथ राज्यकर्त्यांनाही कसे वळवू शकतो, याचा दाखला परदेशात मिळतो. अमेरिकेत राशेल कार्सन या विदुषीने १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहून डीडीटीसारख्या कीटकनाशकांचे विष पाखरांपर्यंत आणि माणसापर्यंत कसे पोहोचते, हे दाखविले. रसायनांच्या कारखानदारांनी तिच्यावर झोड उठविली. ती स्वतः कर्करोगाने आजारी होती आणि १९६४ साली वारली. परंतु पुस्तक राहिले, आणि १९७२ साली त्या देशाने शेतीत डीडीटी वापरण्यावर बंदी घातली. पांढुर्णा-सौंसरच्या शेतकऱ्याला हा विषय परका नाही. संत्र्याबरोबर येथे कपाशीही होते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवाऱ्याच्या डब्यावरची बारीक अक्षरे त्यांना वाचवू शकली नाहीत. त्यांच्या बोलीत, त्यांच्या अनुभवाच्या अंगाने लिहिलेले एखादे साधे पुस्तक गावात वाचले जात असते, तर काही घरांचे आधार वाचले असते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

त्या भागाला स्वतःचे ग्रंथ नाहीत असे नव्हे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज अमरावती जिल्ह्यातील यावलीचे. तरुणपणी ते सातपुड्याच्या रानांत राहिले, १९४२ च्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला आणि १९५५ साली त्यांची ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. तिच्या ४१ अध्यायांत गाव कसे स्वच्छ ठेवावे, श्रमदान कसे करावे, एकमेकांचा संसार कसा सावरावा, हे खेड्यातल्या माणसाला कळेल अशा ओव्यांत सांगितले आहे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे, पण त्यांची वनखात्यातील नोकरी बरीचशी विदर्भाच्या जंगलांत झाली. पाखरांची आणि झाडांची लोकांच्या तोंडी असलेली नावे त्यांनी आदिवासींकडून आणि पारध्यांकडून मिळविली आणि ‘पक्षिकोश’ रचला. १८ जून २०२५ रोजी ते गेले, पण ते शब्द मागे राहिले. ज्या पाखराचे नाव मुलाला ठाऊक नाही, ते नाहीसे झाले तरी त्याच्या ध्यानात येणार नाही. शब्द जातो, तेव्हा वस्तू जाण्याची वाट मोकळी होते, हे आम्हांला पुन्हापुन्हा सांगावेसे वाटते. आमच्या मुलांना ‘खाजन’ आणि ‘मानस’ हे शब्द कळेनासे झाले, तर बांध फुटल्याचे दुःख तरी त्यांना कसे होणार?

आणि नेमकी येथेच पांढुर्णा-सौंसरची अडचण आहे. घरातील बोली मराठी, पण शिक्षणाची भाषा प्रामुख्याने हिंदी. हिंदीशी आमचे भांडण नाही, ती शिकून तेथील मुले पुढे जातात हे योग्यच आहे. परंतु ‘ग्रामगीता’, ‘असूड’ आणि ‘ऋतुचक्र’ ज्या लिपीत आहेत ती वाचता येऊनही त्यांतील भाषा परकी वाटू लागली, तर बापजाद्यांचे शेतीचे शहाणपण त्या मुलांपुरते कुलूपबंद होईल. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. त्याचे अनुदान राज्याच्या सीमेपाशी थांबते. भूशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथांत सौंसरचे नाव मोठे आहे. मँगनीज ज्यांत सापडते, त्या प्राचीन खडकांच्या गटालाच शास्त्रज्ञ ‘सौंसर गट’ म्हणतात. सौंसरच्या पोटातील खनिजाची नोंद जगाने ठेवली. सौंसरच्या विहिरीत कोणत्या साली किती पाणी होते, याची नोंद मात्र सौंसरच्या माणसाला त्याच्या भाषेत उपलब्ध नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. सयाजीराव गायकवाडांनी १९१० नंतर बडोदे संस्थानात अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांच्या साहाय्याने ग्रंथालये उभारली आणि ग्रंथांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी पाठविल्या. गोवा आणि कोकणातील ग्रंथालयांनी मिळून अशा काही पेट्या पांढुर्णा आणि सौंसर येथे पाठविणे ही काही हाताबाहेरची गोष्ट नव्हे. साहित्य संस्था संमेलनांच्या मांडवावर जो खर्च करतात, त्याचा एक अल्प अंशही यास पुरेल.

दुसरी गोष्ट तेथील ग्रामस्थांनी करावयाची आहे. श्रावणात देवळात पोथी लावण्याची प्रथा विदर्भात आहे तशी आमच्याकडेही आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, तरी शेतीचे मर्म त्यांच्या गाण्यांत उतरले ते कानांनी ऐकून आणि डोळ्यांनी पाहून. तेव्हा वाचता न येणे ही सबब होऊ शकत नाही. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे. पोथीच्या अध्यायानंतर ‘ग्रामगीते’चा एक अध्याय किंवा ‘असुडा’तील पाण्याविषयीचा भाग वाचला, तर देव रागावणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ऐकून उठल्यावर गावाने स्वतःची एक वही घालावी. दिवाळीनंतर आणि मृगापूर्वी गावातील प्रत्येक विहिरीत किती हात पाणी आहे, त्या साली कोणी किती खोल खणले, कोणत्या बागा गेल्या आणि कोणती पाखरे दिसली नाहीत, हे त्या वहीत शाळेतल्या मुलांच्या हातून लिहिले जावे. पाच वर्षांची वही समोर असली म्हणजे ‘आमच्या बोअरने तुमची विहीर आटली नाही’ असे कोणाला छातीठोकपणे म्हणता येणार नाही. कोणी किती उपसावे, बांध कोठे घालावा आणि नवी बाग लावावी की नाही, याची चर्चा मग दगडांनी न होता आकड्यांनी होईल. तशीच वही आमच्या खाजन आणि कुळागरांच्या गावांनीही का घालू नये?

सातपुड्याच्या या माथ्याजवळ पाण्याच्या वाटा वेगळ्या होतात. मुलताईला उगम पावलेली तापी आपल्या अरबी समुद्राकडे येते. पांढुर्ण्याची जाम कन्हानला मिळून वैनगंगा-गोदावरीच्या वाटेने पूर्वसमुद्राला जाते. पाणी दोन समुद्रांना वाटले गेले, तरी भाषा आणि ग्रंथ दोन्ही उतारांवर एकच आहेत. तेथील बाग वाळताना येथील वाचकाने केवळ हळहळावे हे पुरेसे नाही. एक पेटी भरावी आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी ती सातपुड्याकडे रवाना करावी. विहिरी भरण्यास वर्षे लागतील. वाचनाला आणि नोंदीला मात्र येत्या श्रावणापासूनच आरंभ करता येईल.